फ्लश केला की कमोडबाहेर पाणी उडतं? कारण शोधा, मग पान्हा उचला

फ्लश दाबला की सीटवर, जमिनीवर, कधी पायांवर शिंतोडे येतात. प्लंबर येतो, भांड्यात डोकावतो आणि दोनांपैकी एक निदान सांगून मोकळा होतो: "प्रेशर जास्त आहे" किंवा "कमोडच बदलायला लागेल". कमोड बदलायची वेळ क्वचितच येते, आणि ज्या घरात फ्लशची टाकी आहे तिथे गच्चीवरच्या पाण्याच्या प्रेशरचा या उडण्याशी जवळजवळ काहीच संबंध नसतो. तो का नसतो, ते पुढे येईलच.

पाणी बाहेर उडायची कारणं तीन गटांत बसतात. एक, पाणी भांड्यात येतानाच फार वेगानं किंवा चुकीच्या दिशेनं येतं. दोन, आलेलं पाणी वेळेत खाली जात नाही. तीन, खालच्या पाइपातून हवा उलटी वर येते आणि सोबत पाणी उडवते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी गट ठरवायचा. त्याला दहा मिनिटं पुरतात आणि खर्च काही नाही.

आधी बादली

बादलीत ६–७ लिटर पाणी घ्या आणि भांड्याच्या कडेच्या उंचीवरून, साधारण तीन सेकंदांत, भांड्याच्या मधोमध ओता. टाकीला हात लावू नका. पाणी सरळ खाली ओढलं गेलं आणि शेवटी पातळी नेहमीच्या जागी स्थिरावली, तर बाहेर जायचा रस्ता मोकळा आहे आणि दोष आत येणाऱ्या पाण्यात आहे. पाणी आधी वर चढलं, क्षणभर थांबलं आणि मग सावकाश उतरलं, तर रस्ता अर्धवट तुंबलेला आहे. ओतताना पाणी कडेपर्यंत येऊ लागलं तर तिथेच थांबा, उरलेलं ओतू नका. बुडबुडे आले किंवा शेजारच्या नहाणी ट्रॅपमधून (जमिनीवरचं जाळीचं पाणी जायचं तोंड) गुडगुड ऐकू आली, तर संशय हवेवर.

मग प्लास्टिक

बादलीची परीक्षा पास झाली असेल तरच हे करा, नाहीतर तुंबलेलं पाणी प्लास्टिकखालून बाहेर येईल. वह्यांना कव्हर घालायचा पारदर्शक प्लास्टिकचा रोल मिळतो, त्याचा तुकडा घ्या. सीट आणि झाकण वर करा, भांड्याची कड कोरडी पुसा, प्लास्टिक ताणून बसवा आणि चहूबाजूंनी चिकटपट्टी लावा. फ्लश करा. थेंब आतून नेमके कुठे आदळले ते दिसेल, तिथे वरून स्केच पेननं खूण करा. आधी अर्धा फ्लश, मग पूर्ण, आणि दोन्हींच्या खुणा वेगळ्या रंगात.

समोर मधोमध थेंब असतील तर दोन बाजूंनी फिरून आलेले प्रवाह पुढे एकमेकांवर आदळताहेत, म्हणजे वेग जास्त आहे किंवा भांडं पुढे झुकलंय. एकाच बाजूला असतील तर त्या बाजूला काहीतरी आड येतंय, किंवा फ्लशचं पाणी ज्यांतून उतरतं ती दुसऱ्या बाजूची कडेखालची भोकं बंद असल्यानं सगळं पाणी इकडे धावतंय. मागच्या बाजूला असतील तर धुण्याच्या जेटची नळी तपासा. प्लास्टिक कोरडं आणि जमीन मात्र ओली असेल तर पाणी उडतच नाहीये. मागच्या जोडातून गळतंय. ही शेवटची गफलत फार घरांत होते, कारण डबकं दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

हातानं काढता येणारी कारणं

कडेला टांगलेला सुगंधी ब्लॉक आधी काढा. त्याचा प्लास्टिकचा पिंजरा नेमका कडेखालच्या धारेत लटकतो. धार त्यावर आपटते आणि तिरकी बाहेर येते. नवा असताना ब्लॉक जाड असतो तेव्हा जास्त उडतं, झिजला की कमी होतं, त्यामुळे "कधी उडतं, कधी नाही" अशी तक्रार असेल तर पहिला संशय यावरच घ्यावा. ब्लॉक हवाच असेल तर तो धार सगळ्यात जोरात असते तिथून, म्हणजे फ्लशचं पाणी भांड्यात शिरतं त्या मागच्या तोंडापासून (इनलेटपासून), दूर सरकवा.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची: सीटखाली पट्टीनं बसवलेली धुण्याच्या जेटची नळी. भांड्यासोबत आतूनच आलेल्या जेटचा त्रास कमी असतो. नंतर बसवलेली स्टीलची किंवा पितळी नळी मात्र कडेवरून आत वाकवलेली असते आणि वापरता वापरता तिचं तोंड सरकतं. फ्लशची धार तिच्यावर आपटली की पंख्यासारखी पसरते. नळी मधोमध आणून पट्टीचे स्क्रू आवळा. तोंड कडेच्या खाली जितकं कमी येईल तितकं चांगलं. तरीही उडत असेल तर नळी काढून भिंतीवरचा हँड स्प्रे वापरणं शहाणपणाचं.

तिसरी, सीटखालची रबरी बटणं. ती पडली की सीट एका बाजूला टेकते, दुसरीकडे फट राहते, आणि एरवी सीटच्या तळाला लागून परत भांड्यात पडणारे थेंब त्या फटीतून बाहेर येतात. बटणं सुटी मिळतात.

झाकण बंद करून फ्लश करण्याची सवय चांगली आहे, पण इथे तिनं दुरुस्ती होत नाही. पाणी मग बिजागरांपाशी साठतं, तिथून मागे उतरतं आणि बिजागरांचे स्क्रू गंजवतं.

टाकी की फ्लश वॉल्व्ह?

भिंतीवर किंवा भांड्यावर टाकी असेल तर गच्चीवरच्या टाकीचा किंवा पंपाचा दाब बॉल कॉकपाशी, म्हणजे टाकी भरणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळापाशीच संपतो. तिथून पुढे पाणी भांड्यात पडतं ते फक्त फ्लशच्या टाकीतल्या पातळीच्या उंचीमुळे. म्हणून अँगल कॉक (टाकीकडे येणारं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा नळ) अर्धा बंद करून काही फरक पडत नाही. टाकी भरायला वेळ लागेल, एवढंच. टाकीवाल्या कमोडसाठी कोणी प्रेशर कमी करायचा वॉल्व्ह बसवायला सांगत असेल तर पैसे वाचवा.

टाकीत तपासायच्या गोष्टी तीन.

पहिली, पातळी. पाणी ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाच्या २ ते २.५ सेंटीमीटर खाली थांबलं पाहिजे. बहुतेक टाक्यांच्या आत रेघही असते. जास्त असेल तर फ्लोटचा स्क्रू फिरवून, किंवा जुन्या पद्धतीचा गोळा असेल तर त्याची दांडी किंचित खाली वाकवून पातळी उतरवा. मध्यम आकाराच्या टाकीत १ सेंटीमीटर पातळी म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. टाकीत पाण्याची बाटली ठेवायचा जुना उपाय इथे उपयोगाचा नाही: तिनं पाणी वाचतं, पण पातळीची उंची तीच राहते, म्हणजे सुरुवातीच्या धारेचा वेगही तोच.

दुसरी, टाकी आणि भांड्याची जोडी. जुन्या टाक्या १० लिटरच्या, आजची भांडी बहुतेक ६ आणि ३ लिटरच्या दुहेरी फ्लशसाठी बनवलेली. नूतनीकरणात भांडं नवं आणलं आणि टाकी जुनीच ठेवली, तर भांड्याला झेपत नाही इतकं पाणी एकदम येतं. दुहेरी फ्लशच्या वॉल्व्हवर पूर्ण आणि अर्ध्या फ्लशचं पाणी ठरवणारी सरकती खूण असते, ती एकेक घर खाली आणून बघा. दांडी ओढून पाणी सोडायच्या सायफन टाकीत ही सोय नसते. तिथे टाकीच बदलावी.

तिसरी, उंची, आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. कमी उंचीच्या टाकीचा तळ भांड्याच्या कडेपासून जास्तीत जास्त ३० सेंटीमीटर वर अपेक्षित असतो. उंचावरच्या टाकीचा किमान १२५ सेंटीमीटर वर, आणि ती प्रामुख्यानं भारतीय पद्धतीच्या भांड्यांसाठी असते. आता होतं असं, की खिडकी आड येते किंवा जुनी भोकं भिंतीत तयार असतात, म्हणून प्लंबर टाकी वर टांगतो आणि लांब फ्लश पाईप खाली आणतो. उंची चौपट झाली की धारेचा वेग दुप्पट होतो. कागदावरचा हिशेब केला तर ३० सेंटीमीटरवरून पडणारं पाणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगानं येतं आणि १२५ सेंटीमीटरवरून सुमारे ५ मीटर. पाइपातल्या घर्षणानं दोन्ही आकडे कमी होतील, पण अंदाज येतो. अशा वेळी टाकी खाली आणणं हाच खरा उपाय. ते शक्यच नसेल तर फ्लश पाइपाच्या वरच्या नटमध्ये लहान भोकाचं रबरी वायसर बसवता येतं. ३८ मिलिमीटरच्या जागी ३२ मिलिमीटर भोक ठेवलं तर वाट जवळजवळ ३० टक्क्यांनी अरुंद होते. त्याहून लहान करू नका. वेग मेला की मैला मागे राहतो आणि प्रत्येक वेळी दोनदा फ्लश करावा लागतो.

आता फ्लश वॉल्व्ह, म्हणजे भिंतीतला मोठा बटणाचा वॉल्व्ह ज्याला टाकी नसते. जुन्या इमारतींत आणि ऑफिसांत तो सर्रास दिसतो. इथे मात्र प्रेशर खरंच गुन्हेगार असू शकतं. १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. गच्चीच्या टाकीखाली १२ मजले उतरलात तर ३ मीटरच्या मजल्यानं ३६ मीटर, म्हणजे साडेतीन बार. सगळ्यात वरच्या मजल्यावर तोच वॉल्व्ह जेमतेम अर्ध्या बारवर चालत असतो. म्हणून खालच्या मजल्यांवर वॉल्व्हचं पाणी उडणं समजू शकतं. वरच्या मजल्यावर उडत असेल तर प्रेशर सोडा आणि कडेची भोकं बघा. बंगल्यात प्रेशर पंप असेल तर तो बंद करून एकदा फ्लश करा. उडणं थांबलं तर निदान पक्कं झालं.

वॉल्व्ह कमी करायचा तर वरची झाकणी काढा. बाजूला चपट्या स्क्रू ड्रायव्हरची खाच असलेला कंट्रोल स्क्रू दिसेल. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की पाणी कमी होतं. एका वेळी पाव फेरा, मग फ्लश, मग पुन्हा पाव फेरा. आधी पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे बिघडलं तर मूळ जागी परत येता येईल. स्क्रू वर्षानुवर्षं हललेला नसेल तर जोर लावू नका. त्याची मान तुटली की भिंत फोडावी लागते. आधी मुख्य लाइन बंद करून गंज सोडवणारं तेल टाका आणि अर्धा तास थांबा. सगळ्याच खालच्या मजल्यांची तक्रार असेल तर एकेका घरात स्क्रू पिळत बसण्यापेक्षा सोसायटीनं त्या लाइनला प्रेशर कमी करणारा वॉल्व्ह बसवलेला बरा. इथे तो पैसे वसूल करतो.

कडेखालची भोकं

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे कारण सगळ्यात जास्त सापडतं, आणि उडायला लागण्याआधी ते महिनोन् महिने हळूहळू वाढत असतं. भोकं क्षारांनी अर्धी बंद झाली की तेवढंच पाणी उरलेल्या भोकांतून जोरात निघतं. शिवाय अर्धवट बुजलेल्या भोकाची धार सरळ खाली न जाता क्षाराच्या गाठीवर आपटून वळते.

हातातला आरसा कडेखाली धरा, मोबाइलची बॅटरी लावा आणि फ्लश करून बघा. निरोगी भांड्यात सगळ्या भोकांतून पाणी तिरकं, एकाच दिशेनं फिरत उतरतं. काही भोकांतून नुसतं ठिबकत असेल आणि एखाद्यातून पिचकारी येत असेल तर साफसफाईला लागा.

१. अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, कडेखालची जागा फडक्यानं कोरडी करा. ओल्या जागेवर आम्ल पातळ होतं.

२. एक लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा. पाणी उकळतं नको. उकळत्या पाण्यानं चिनी माती तडकते. किराणा दुकानात हे लिंबूफूल म्हणून मिळतं. नाहीतर पांढरं व्हिनेगर, न मिसळता.

३. टिश्यू पेपरच्या जाड वळ्या करून त्यात भिजवा आणि कडेखाली घट्ट कोंबा, सगळीकडे गोल. रात्रभर ठेवा. सकाळी वळ्या काढून केरात टाका. फ्लश केल्यात तर नवं दुखणं लागेल.

४. प्रत्येक भोकातून तांब्याची तार किंवा प्लास्टिकची जाड पट्टी फिरवा, भोकाच्याच तिरक्या कोनात. ड्रिल किंवा खिळा वापरू नका. चकाकी गेली की तिथे क्षार दुप्पट वेगानं बसतो.

५. दोनदा फ्लश करून पुन्हा आरसा धरा. फार जुन्या थराला हे दोन-तीनदा करावं लागतं.

टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल वेगानं काम करतं, पण ते कडेखाली टिकत नाही, ओघळतं. वापरलंत तर बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतर धुऊन टाका, खिडकी उघडी ठेवा आणि हातमोजे घाला. आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या: आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवालं कोणतंही क्लीनर एकाच दिवशी भांड्यात जाऊ देऊ नका. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

मागच्या इनलेटमध्येही डोकावा. कडेच्या पोकळीत पांढऱ्या सिमेंटचा खडा किंवा रबराचा तुकडा अडकला तरी पाणी एकाच बाजूनं धावतं, आणि तो नव्या कमोडमध्येही सापडतो.

रिमलेस आणि भिंतीवरचं कमोड

कड नसलेल्या भांड्यात भोकं नसतातच. मागून आलेलं पाणी दोन फाटे फुटून बाजूंनी वर चढत पुढे येतं. धुवायला सोपं, पण चुकांना क्षमा नाही. नवीन बसवलेल्या रिमलेस भांड्याचं पाणी पहिल्याच दिवशी उडत असेल तर हे क्रमानं बघा.

भिंतीतल्या बहुतेक छुप्या टाक्यांमध्ये पाणी सोडणाऱ्या आतल्या वॉल्व्हच्या तळाशी प्रवाह कमी-जास्त करणारी थ्रॉटल रिंग असते. बटणांची प्लेट काढली, आतलं संरक्षक झाकण काढलं, वॉल्व्हचा सांगाडा फिरवून वर उचलला की ती दिसते. कारखान्यातून ती बहुधा पूर्ण उघडी येते आणि बसवणारा तिला हात लावत नाही. एक घर कमी करा, सगळं परत बसवा, फ्लश करा. घाई करून दोन-तीन घरं एकदम कमी करू नका. काही भांड्यांसोबत इनलेटमध्ये बसवायचा प्लास्टिकचा तुकडा येतो, पाणी दोन्हीकडे सारखं वाटण्यासाठी. पॅकिंगच्या थर्माकोलबरोबर तो कचऱ्यात गेलेला असण्याची शक्यता बरीच, म्हणून माहितीपत्रकातलं चित्र एकदा बघाच.

ते ठीक असेल तर मागचा फ्लश पाईप. भांडं टांगण्याआधी हा पाईप मापानं कापायचा असतो. लांब राहिला तर इनलेटच्या आत घुसून अर्धी वाट अडवतो; तिरका कापला असेल किंवा रबर बसवताना दुमडलं असेल तर पाणी एका बाजूला फेकलं जातं. हे तपासायला भांडं उतरवावं लागतं आणि ते दोन माणसांचं काम आहे. रबराला वंगण म्हणून साबणाचं पाणी वापरा, तेल किंवा ग्रीस नको. त्यानं रबर फुगतं.

भांडं समतल आहे का

कडेवर स्पिरिट लेव्हल ठेवा, आधी आडवी, मग पुढून मागे. नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप सपाट पट्टीवर ठेवून चालतं. पुढे झुकलेल्या भांड्यात साचलेलं पाणी पुढच्या भिंतीवर जास्त चढतं आणि फिरून आलेली लाट कडेवरून उडी मारते. जमिनीवरच्या भांड्याखाली प्लास्टिकच्या पाचरी सारून ते समतल करता येतं, पण आधी सगळ्या बाजूंनी सिलिकॉन किंवा पांढरं सिमेंट कापून सोडवायला हवं. बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. चिनी माती वाकत नाही, थेट तडकते. काम झाल्यावर कड सिमेंटनं बुजवण्याऐवजी सिलिकॉननं बुजवा, म्हणजे पुढच्या वेळी भांडं न फोडता निघेल.

मागून गळणारं पाणी

टाकीत थोडा खायचा रंग टाका, भांड्यामागे जमिनीवर कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि फ्लश करा. फ्लश बेंड (टाकीचं पाणी भांड्यात आणणारा वाकडा पाईप) भांड्याला जिथे मिळतो तिथलं काळं रबर चिरलेलं किंवा सरकलेलं असेल तर कागदावर रंगीत थेंब पडतील. हे रबर स्वस्त असतं. मापासाठी जुनं काढून दुकानात घेऊन जा. एम-सील थापून काम भागवू नका, पुढच्या दुरुस्तीला पाइपच तुटतो.

बादलीची परीक्षा नापास झाली असेल तर

पाणी चढून मग उडत असेल तर आधी प्लंजर. भांड्यात प्लंजरची रबरी वाटी बुडेल इतकं पाणी हवं. पहिला दाब हळू द्या, वाटीतली हवा निघू द्या, नाहीतर तीच हवा मैल्याचं पाणी तोंडावर उडवेल. मग दहा-पंधरा वेळा जोरात ढकला-ओढा. काम ओढण्यानं होतं, ढकलण्यानं नाही. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, लहान मुलांची खेळणी आणि वर सांगितलेल्या ब्लॉकचा तुटलेला पिंजरा, हे नेहमीचे मुक्कामी. प्लंजरनं निघालं नाही तर लवचीक स्प्रिंगची केबल. तुंबण सोडवायची कॉस्टिकची पावडर कमोडमध्ये टाकू नका: ती पाण्यात प्रचंड तापते, वळणात घट्ट होऊन बसू शकते आणि नंतर काम करणाऱ्या प्लंबरचे हात भाजते.

भांडं नवीन असूनही पाणी सावकाश उतरत असेल तर मागचा पॅन कनेक्टर (भांडं मैल्याच्या पाइपाला जोडणारा तुकडा) दुमडलेला किंवा भांडं आणि पाइपाचं तोंड एकासमोर एक नसणं, ही दोन कारणं आधी बघा.

हवा

तुम्ही फ्लश केलेला नसताना भांड्यातलं पाणी "भुळुक" करून उडत असेल, तेही वरच्या घरात कोणी फ्लश केल्यावर, तर तुमच्या कमोडमध्ये काही बिघाड नाही. वरून येणारं पाणी सॉइल पाइपाच्या (सगळ्या मजल्यांचा मैला खाली नेणारा उभा पाइप) तळाशी वळताना पुढची हवा दाबतं, आणि ती हवा सगळ्यात जवळच्या भांड्यातून बाहेर पडते. म्हणून हा त्रास तळमजला आणि पहिल्या मजल्यावर जास्त. तळमजल्याचं भांडं उभ्या पाइपाला न जोडता वेगळ्या लाइननं थेट चेंबरला जोडायचं, हा नियम त्यासाठीच आहे.

गच्चीवर जाऊन व्हेंट पाइपाचं, म्हणजे या लाइनला हवा देणाऱ्या पाइपाचं, तोंड बघा. पक्ष्यांचं घरटं, पालापाचोळा, किंवा वॉटरप्रूफिंग करताना कोणी "वास येतो" म्हणून लावून टाकलेलं बूच, यांपैकी काहीतरी बरेचदा सापडतं. तोंड मोकळं करा आणि वर जाळीची टोपी बसवा. मग खालचं चेंबर उघडा. त्यात पाणी साचून उभं असेल तर तुंबण पुढच्या लाइनमध्ये आहे आणि काम सोसायटीचं आहे.

गावाकडे किंवा बंगल्यात सेप्टिक टँक असेल तर तो भरला की नेमकी हीच लक्षणं दिसतात, आणि कोकणात भर पावसाळ्यात टँक भरलेला नसतानाही दिसतात, कारण शोषखड्ड्याभोवतीची जमीन पाण्यानं तुडुंब होते आणि टँकमधलं पाणी जिरायला जागाच उरत नाही. त्या दिवसांत अर्धा फ्लश वापरा, कपड्यांचं आणि आंघोळीचं पाणी टँकमध्ये जात असेल तर ते वेगळं काढा. टँक उपसायला सक्शन गाडीच बोलवा. कोणालाही आत उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. झाकण उघडल्यावर काडी पेटवून डोकावणं तर मुळीच नको. मिथेन पेट घेतो.

भारतीय पद्धतीचं भांडं

इथे पाणी मागून येऊन थेट पुढच्या काठावरून बाहेर जातं आणि पायांवर पडतं. टाकी मुद्दाम उंचावर असल्यानं वेग मुळातच जास्त असतो. फ्लश पाईप ३२ मिलिमीटरचा हवा. कमी उंचीच्या टाकीचा जाड पाईप वापरला असेल तर तो बदला. पाइपाचं तोंड इनलेटच्या मधोमध आहे का, सिमेंटनं एका अंगाला दाबलं गेलंय का, ते बघा. भांडं बसवताना पुढे उतार राहिला असेल तर मात्र लादी फोडून परत बसवण्याला पर्याय नाही. तोवर दांडी पूर्ण न ओढता बादलीनं पाणी टाका, कमी उंचीवरून आणि मागच्या बाजूनं.

दुरुस्तीनंतर

प्रवाह कमी केला असेल तर भांडं अजून नीट धुतलं जातंय ना, ते तपासणं आलंच. कारखान्यात यासाठी ओल्या भांड्याच्या आतल्या भिंतींवर लाकडाचा बारीक भुसा भुरभुरतात आणि एका फ्लशनंतर कुठे राहिला ते बघतात. घरी सुताराकडचा मूठभर भुसा पुरतो. कडेखाली एखाद्या जागी पट्टा कोरडा राहिला तर त्या बाजूचं भोक अजून बंद आहे. सगळीकडे थोडा थोडा राहिला तर प्रवाह जास्तच कमी केलाय, स्क्रू पाव फेरा उलटा किंवा थ्रॉटल एक घर वर. सहा लिटरचा पूर्ण फ्लश साधारण तीन ते पाच सेकंदांत रिकामा व्हावा. मग टिश्यूचे पाच-सहा चुरगळलेले तुकडे टाकून अर्धा आणि पूर्ण फ्लश करा, आणि भांड्याभोवती कोरडा कागद पसरून लागोपाठ तीनदा पूर्ण फ्लश. टाकी दर वेळी पूर्ण भरू द्या. अर्ध्या भरलेल्या टाकीवर घेतलेली परीक्षा नेहमीच पास होते.